कोणता एक्सेल, कुणाचा एक्सेल

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी एकदा डिस्पॅचच्या ताईंचं अर्ध्या दिवसाचं काम एका ओळीत घालवलं. ओळ अगदी साधी होती: एक्सेल.क्विट.

तिथे गाड्यांना लागणारे बुश आणि पिना बनतात. माल निघताना प्रत्येक लॉटसोबत पीडीआय रिपोर्ट, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा कागद, जातो. बोअरचा व्यास, लांबी, चॅम्फर, पाच नगांची मापं आणि खाली सही. इन्स्पेक्टर सगळी मापं एका मोठ्या फाइलमध्ये भरतो. ताई त्यातून एकेका लॉटची मापं उचलायच्या, ग्राहकाच्या फॉरमॅटमध्ये चिकटवायच्या, पीडीएफ काढायच्या, प्रिंट मारायच्या. दिवसभर हेच. मालक म्हणाले, "भाऊ, हे बटणावर होईल का?" होणार होतं. पायथनमध्ये पंचवीसेक ओळी लिहिल्या, घरी चालवून पाहिल्या, दुसऱ्या दिवशी ताईंच्या कॉम्प्युटरवर टाकल्या. पीडीएफ झटझट निघाल्या. आणि शेवटच्या ओळीला ताईंची गाडीभाड्याची फाइल, जी सकाळपासून उघडी होती आणि एकदाही सेव्ह केलेली नव्हती, न विचारता बंद झाली. रिकव्हरीत शोधलं, काही हाती लागलं नाही. ताई काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी मला चहा मात्र आला नाही.

घरी हे का झालं नाही? कारण घरी दुसरी कुठलीच फाइल उघडी नव्हती. माझी समजूत अशी होती, की स्क्रिप्ट जो एक्सेल वापरते तो तिचा स्वतःचा असतो, पाटीवर गिरवून पुसून टाकावं तसा. प्रत्यक्षात माझ्या हातात ताईंचा चालू एक्सेल होता. या लेखात तेवढंच समजावून सांगायचंय. हातात येणारी ती 'अ‍ॅप्लिकेशन' नावाची वस्तू म्हणजे नेमकं काय, ती कुठून येते, आणि ती जिवंत आहे हे विसरलं की काय काय होतं.

आधी एक खुलासा. इथे कोडच्या ओळी देवनागरीत लिहितोय, वाचायला सोपं जावं म्हणून. टाइप करताना त्या रोमनमध्येच कराव्या लागतील.

नाशिकच्या भांडी बाजारात जुन्या पद्धतीचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. पुढे गादीवर शेठजी, मागे फळ्या, वर माळा, माळ्यावर तांब्या-पितळेची रास. तुम्हाला एक घागर हवी आहे. मिळवायचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, लांबून काठीने दाखवायचं: ती, तिच्या डावीकडची, तिच्याखालची. स्क्रिप्टने माउस हलवणं आणि कळा दाबल्याचं सोंग करणं म्हणजे हे. स्क्रीनचं रिझोल्यूशन बदललं, मध्येच एखादी खिडकी वर आली, की काठी भलत्याच भांड्यावर. मला या पद्धतीचा मनापासून कंटाळा आहे. दुसरा काहीच इलाज नसेल तरच तिच्या वाट्याला जावं.

दुसरा मार्ग, दुकान बंद असताना गोदामात शिरायचं. एक्सेलची फाइल ही शेवटी डिस्कवरची फाइल. पायथनच्या लायब्ऱ्या ती एक्सेलला न उठवता थेट उघडतात. हे वेगवान आहे आणि पुष्कळदा पुरेसं आहे. दोनशे बंद फाइलींमधून एकेक आकडा वेचायचा असेल तर मी हेच करतो. पण गोदामात शेठजी नसतात. फॉर्म्युल्याचं उत्तर नव्याने काढून कोणी देत नाही, मागच्या वेळी सेव्ह करताना जे उत्तर होतं तेच मिळतं. एक्सेल करून देतो तशी पीडीएफ निघत नाही. आणि फाइल दुसऱ्या कुणी एक्सेलमध्ये उघडून ठेवली असेल तर त्याने अजून सेव्ह न केलेलं तुम्हाला दिसत नाही, तुम्हाला त्यात लिहूही देत नाहीत.

तिसरा मार्ग, गादीसमोर उभं राहून शेठजींना सांगायचं: "शेठ, वरच्या माळ्यावरची, दुसऱ्या फळीतली, तिसरी घागर द्या." शेठ आवाज देतात, पोऱ्या वर जातो, घागर खाली येते. माळा कुठे आहे, शिडी कुठे ठेवली आहे, हे तुम्हाला माहीत असायची गरज नाही. हा शेठ म्हणजे अ‍ॅप्लिकेशन ऑब्जेक्ट. चालू असलेल्या प्रोग्रामने बाहेरच्यांशी बोलण्यासाठी पुढे बसवलेला माणूस. दुकानातली प्रत्येक गोष्ट त्याच्या मार्फत मिळते.

हे नुसतं वाचून कळत नाही, एकदा करून पाहावं. एक्सेल उघडा, एखादी फाइल उघडा, अल्ट आणि एफ११ दाबा. व्हीबीए, म्हणजे एक्सेलच्या आतच कोड लिहायची भाषा, तिचा एडिटर येईल. त्यात कंट्रोल आणि जी दाबलं की खाली इमिजिएट नावाची पट्टी येते. तिथे टाइप करा:

? अ‍ॅप्लिकेशन.नेम

एंटर दाबलं की उत्तर येतं: मायक्रोसॉफ्ट एक्सेल. शेठनी नाव सांगितलं. आता विचारा:

? अ‍ॅप्लिकेशन.व्हर्जन

१६.० असं येईल. गंमत म्हणजे २०१६, २०१९, २०२१ आणि ३६५ या सगळ्यांचं उत्तर १६.० हेच आहे. त्यामुळे आवृत्ती ओळखण्यासाठी यावर विसंबू नका. आता तिसरा प्रश्न:

? अ‍ॅप्लिकेशन.वर्कबुक्स.काउंट

किती फाइली उघड्या आहेत? तुम्हाला एकच दिसतेय, पण काहींच्या इथे उत्तर २ येईल. पूर्वी कधी मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप करून घ्यायच्या कामाचा कोड, रेकॉर्ड करून 'पर्सनल' फाइलमध्ये ठेवला असेल तर ती फाइल एक्सेलबरोबर दरवेळी लपून उघडते. खिडकी दिसत नाही, पण शेठच्या यादीत ती आहे, आणि बहुतेकदा पहिल्या नंबरावर आहे. म्हणून कोडमध्ये 'वर्कबुक्स(१)' लिहिणाऱ्यांचा मॅक्रो त्यांच्या कॉम्प्युटरवर नीट चालतो आणि साहेबांच्या कॉम्प्युटरवर भलत्याच फाइलीत लिहून मोकळा होतो. फाइलीला नावाने हाक मारावी, नंबराने मारू नये.

टिंबांची ही साखळी हाच सगळ्या विषयाचा कणा. पूर्ण साखळी अशी दिसते:

अ‍ॅप्लिकेशन.वर्कबुक्स("तपासणी").वर्कशीट्स("लॉट").रेंज("बी२").व्हॅल्यू

डावीकडून वाचा: एक्सेल, त्यातल्या उघड्या फाइलींपैकी 'तपासणी', तिच्यातली 'लॉट' ही शीट, तिच्यातला बी२ हा सेल, त्यातला मजकूर. प्रत्येक टिंब म्हणजे 'च्या आतला' किंवा 'चा'. टिंबापुढे येणाऱ्या शब्दांच्या दोन जाती. एक, वस्तूचा गुण: नाव, रंग, दिसतेय की लपलेली आहे. दुसरी, वस्तूला करायला सांगायचं काम: उघड, सेव्ह कर, बंद हो. इंग्रजीत यांना प्रॉपर्टी आणि मेथड म्हणतात, मराठी क्लासमध्येही हेच शब्द चालतात. एडिटरमध्ये एफ२ दाबलं की या सगळ्याची यादी उघडते. यादी मोठी आहे, ती पाठ करायला जाऊ नका. मॅक्रो रेकॉर्ड करून हवं ते काम हाताने करा आणि रेकॉर्डरने काय लिहिलं ते वाचा. नेमका शब्द मिळतो. रेकॉर्डरचं कोड जसंच्या तसं वापरू मात्र नये, कारण तो प्रत्येक गोष्टीआधी 'सिलेक्ट कर, मग जे सिलेक्ट झालंय त्यावर कर' अशी द्राविडी प्राणायाम करतो.

व्हीबीएमध्ये साखळीची सुरुवात गाळता येते. नुसतं 'रेंज("बी२")' लिहिलं तरी चालतं, कारण व्हीबीए एक्सेलच्या पोटातच राहतं आणि पुढचं स्वतः धरून चालतं: या क्षणी समोर असलेल्या फाइलीची, समोर असलेली शीट. सोय म्हणून ठीक, सवय म्हणून वाईट. बाहेरून, पायथनमधून किंवा विंडोजच्या पॉवरशेल या स्क्रिप्टच्या भाषेतून, हे गाळता येत नाही. तिथे पहिली पायरी हातात घ्यावीच लागते. आणि माझी गोची झाली ती याच पायरीवर.

पायरी कशी मिळते ते पाहू. बाहेरची स्क्रिप्ट विंडोजला म्हणते, "मला 'एक्सेल.अ‍ॅप्लिकेशन' पाहिजे." हे नाव ऑफिस इन्स्टॉल होताना विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, नोंदवलेलं असतं. त्या नावापुढे १२८ बिटांचा एक ओळखक्रमांक, आणि त्या क्रमांकापुढे एक्सेलचा प्रोग्राम डिस्कवर कुठे आहे त्याचा पत्ता. विंडोज पत्ता काढतं, प्रोग्राम सुरू करतं आणि त्याच्या शेठशी बोलण्याची तार तुमच्या हातात देतं. या व्यवस्थेला कॉम म्हणतात. मायक्रोसॉफ्टने ती १९९३ मध्ये आणली, आणि त्याच वर्षी एक्सेल ५ मध्ये व्हीबीए आलं. योगायोगाने अ‍ॅपलचं अ‍ॅपलस्क्रिप्टही १९९३ चंच, आणि तिथली पहिली ओळही 'अमुक अ‍ॅप्लिकेशनला सांग' अशीच असते. तीस वर्षं होऊन गेली, पायवाट तीच आहे.

पण मागणी दोन तऱ्हांची असते. एक, "नवा एक्सेल सुरू कर आणि तो मला दे." दुसरी, "आत्ता जो चालू आहे तोच मला दे." व्हीबीएमध्ये पहिलीला क्रिएटऑब्जेक्ट आणि दुसरीला गेटऑब्जेक्ट म्हणतात, शब्दावरूनच फरक कळतो. पायथनमध्ये मात्र जो शब्द सगळ्या उदाहरणांत सापडतो, तो आहे डिस्पॅच:

एक्सेल = डिस्पॅच("एक्सेल.अ‍ॅप्लिकेशन")

हा डिस्पॅच आधी चालू एक्सेल शोधतो. सापडला तर तोच हाती देतो, नाही सापडला तरच नवा उघडतो. घरी सापडला नाही, नवा उघडला. अंबडला ताईंचा सापडला. कोडचं एक अक्षरही वेगळं नव्हतं. नेहमी नवाच हवा असेल तर डिस्पॅचईएक्स असा वेगळा शब्द आहे. दोन अक्षरांचा फरक, तो मला त्या दिवशी माहीत नव्हता.

चालू एक्सेल कसा सापडतो? विंडोज एक यादी ठेवतं, चालू असलेल्या आणि 'माझ्याशी बोलता येईल' असं कळवलेल्या वस्तूंची. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे रजिस्टर असतं तशी. यात दोन खोड्या आहेत. एक्सेलच्या दोन स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे एकमेकांपासून वेगळे चालणारे दोन एक्सेल, चालू असतील तर नुसतं 'एक्सेल द्या' म्हटल्यावर त्यातला एकच मिळतो, आणि कोणता ते तुम्ही निवडू शकत नाही. दुसरी खोडी जास्त मजेशीर: ऑफिसचे प्रोग्राम उघडल्याबरोबर या रजिस्टरात सही करत नाहीत. त्यांच्या खिडकीवरून फोकस एकदा दुसरीकडे गेला, की करतात. म्हणून कधीकधी स्क्रिप्ट म्हणते एक्सेल चालूच नाही, आणि तो तर समोर ढळढळीत दिसत असतो. दुसऱ्या खिडकीवर एकदा क्लिक करा, मग सापडतो. हे कळण्याआधी मी एक अख्खी संध्याकाळ पाथर्डी फाट्यावरच्या एका ऑफिसात स्वतःच्या कोडवर संशय घेत बसलो होतो.

नेमका हवा तो एक्सेल मिळवायचा खात्रीचा उपाय म्हणजे उलट्या बाजूने चढणं. शेठला न विचारता फाइलीला विचारायचं. गेटऑब्जेक्टला फाइलीचा पूर्ण पत्ता दिला, की ती फाइल जिथे उघडी आहे तिथून तीच हाती येते. मग तिलाच विचारा, 'तुझा अ‍ॅप्लिकेशन कोण?' साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला हा प्रश्न विचारता येतो. सेलला विचारा, शीटला विचारा, उत्तर एकच: तो ज्या एक्सेलमध्ये राहतो तो.

आता नव्या एक्सेलकडे येऊ, कारण तोही काही सोवळ्यातला नाही. स्क्रिप्टने सुरू केलेला नवा एक्सेल अदृश्य असतो. 'व्हिजिबल' हा गुण खरा केल्याशिवाय खिडकी दिसतच नाही. स्क्रिप्ट मध्येच चुकीने थांबली तर तो मागे तसाच राहतो, फाइल दाबून. मग ताई ती फाइल उघडतात आणि 'फाइल वापरात आहे' असा निरोप येतो. वापरतंय कोण? कोणीच दिसत नाही. टास्क मॅनेजर उघडला तर एक्सेलच्या चार-पाच प्रोसेस रांगेत बसलेल्या. आमच्यात याला सरळ भूत म्हणतात.

भूत उतरवायला दोन गोष्टी लागतात. क्विट म्हणायचं आणि हातातल्या तारा सोडायच्या. पायथनमधल्या एखाद्या व्हेरिएबलमध्ये शीट धरून ठेवली असेल, एखाद्यात रेंज, तर यातली प्रत्येक गोष्ट एक्सेलकडे जाणारी एक तार आहे. एक्सेल क्विट ऐकतो, पण कोणीतरी अजून तार धरून आहे म्हणून उठत नाही. भाडेकरूने खोली सोडली, पण किल्ली परत केली नाही, तसं. आणि क्विटची ओळ कोडच्या तळाशी नुसती लिहून भागत नाही. वर कुठेही चूक झाली तरी ती चाललीच पाहिजे, अशा जागी ती लिहावी लागते. पायथनमध्ये त्यासाठी फायनली आहे.

अदृश्य एक्सेलची दुसरी खोड, तो प्रश्न विचारतो आणि कोणाला ऐकू जात नाही. 'ही फाइल आधीच आहे, वर लिहू का?' अशी चौकट उघडते, अदृश्य खिडकीवर, आणि स्क्रिप्ट तिच्या उत्तराची वाट पाहत जागच्या जागी गोठते. रात्री टास्क शेड्युलरने चालणारं काम सकाळी अर्ध्यावर सापडतं, ते यामुळे. कोणी लॉगिन नसताना, सर्व्हरवर, ऑफिस असं चालवू नका असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. ऑफिस हा माणसासमोर बसायला बनवलेला प्रोग्राम आहे.

चौकटी बंद करायचा उपाय सगळ्यांना सापडतो:

एक्सेल.डिस्प्लेअलर्ट्स = फॉल्स

माझ्या कोडमध्ये ही ओळ होतीच. अर्थ असा, की विचारू नकोस, ठरलेलं उत्तर तूच घे. आणि सेव्ह न केलेल्या फाइली उघड्या असताना क्विट म्हटलं, तर ठरलेलं उत्तर काय? सेव्ह न करता बंद. एरवी एक्सेलने ताईंना विचारलं असतं, त्यांनी सेव्ह म्हटलं असतं, माझी चूक तिथेच अडली असती. मी आधी वॉचमनला सुट्टी दिली आणि मग दार उघडं टाकलं.

शेठच्या पातळीवरच्या अशा सेटिंग्ज आणखी आहेत आणि त्या सगळ्या फाइलींना लागू होतात, तुमच्या एकाच फाइलीला नव्हे. मॅक्रो वेगात चालावा म्हणून लोक गणित 'मॅन्युअल'वर टाकतात, म्हणजे सांगितल्याशिवाय एक्सेल फॉर्म्युले नव्याने काढत नाही. मॅक्रो मध्येच पडला की ते तसंच राहतं. मग अकाउंट्सचे काका दर बदलतात, खालची बेरीज हलत नाही, आणि ते एक्सेल बिघडला म्हणून तक्रार करतात. फाइल सेव्ह केली की ही सवय फाइलीबरोबर पुढच्या कॉम्प्युटरवरही जाते, कारण एक्सेल पहिली उघडलेली फाइल ज्या मोडमध्ये सेव्ह झाली असेल, तो मोड धरतो. एनेबलइव्हेंट्सचंही तेच. फॉल्स करून विसरलात, तर एक्सेल बंद करून पुन्हा उघडेपर्यंत एकही इव्हेंट मॅक्रो, म्हणजे सेल बदलला किंवा फाइल उघडली की आपोआप चालणारा मॅक्रो, जागा होत नाही. स्क्रीनअपडेटिंग, म्हणजे काम चालू असताना पडदा ताजा करत राहणं, त्या मानाने गरीब आहे, मॅक्रो संपला की आपलं आपण जागेवर येतं. डिस्प्लेअलर्ट्सही येतं, पण फक्त कोड एक्सेलच्या आत चालत असेल तर. बाहेरून फॉल्स केलंत तर खरं करून ठेवायची जबाबदारी तुमची. बदलण्याआधी जुनी किंमत एका व्हेरिएबलमध्ये ठेवावी आणि जाताना परत लावावी, बस.

आणि समोर बसलेला माणूस? व्हीबीएचा मॅक्रो चालू असताना एक्सेल सहसा त्याला हात लावू देत नाही. बाहेरच्या स्क्रिप्टचं तसं नाही. तिच्या दोन ओळींच्या मध्ये ताई दुसऱ्या शीटवर क्लिक करू शकतात, आणि तुम्ही 'अ‍ॅक्टिव्हशीट' लिहिलं असेल तर पुढचा आकडा तिकडे जाऊन पडतो. किंवा त्या एखाद्या सेलवर डबल क्लिक करतात, आत कर्सर लुकलुकतो, आणि तेवढ्यात फोन येतो. सेल असा अर्धवट उघडा असेल तोवर एक्सेल बाहेरच्या कुणाचं ऐकत नाही. स्क्रिप्टला चूक मिळते, 'समोरच्याने कॉल नाकारला' अशा अर्थाची. कोडमध्ये काही चुकलेलं नसतं. शेठ गिऱ्हाइकाशी बोलतायत, थोडं थांबा. दोन सेकंद थांबून पुन्हा विचारणं, असं पाच-दहा वेळा, हाच त्यावरचा उपाय.

स्क्रिप्टमधून उघडलेल्या नव्या एक्सेलमध्ये अ‍ॅड-इन, म्हणजे एक्सेलला वरून जोडलेल्या जादा सोयी, आपोआप चढत नाहीत, हेही इथेच सांगून टाकतो. हाताने उघडल्यावर चालणारा फॉर्म्युला स्क्रिप्टमधून उघडल्यावर 'नेम'ची चूक दाखवतो, तेव्हा कारण बहुधा हेच असतं.

वेगाबद्दल एक गोष्ट, पण ती महत्त्वाची. तुमची स्क्रिप्ट आणि एक्सेल या दोन वेगळ्या प्रोसेस आहेत, त्यामुळे प्रत्येक टिंब ही एक फेरी आहे. ६०० ओळी आणि ८ रकाने सेलमागून सेल वाचले तर निदान ४,८०० फेऱ्या. पोतं भरून शेंगदाणे आणायचेत आणि आपण एकेक दाणा मुठीत घेऊन रविवार कारंजा ते अंबड ये-जा करतोय. पूर्ण रेंजची व्हॅल्यू एकदाच मागा. एका फेरीत सगळा तक्ता येतो, हिशोब तुमच्याकडे करा, आणि परत लिहितानाही तक्ता एकदाच ठेवा. 'एक्सेल ऑटोमेशन फार स्लो आहे' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी हीच एक दुरुस्ती सांगितली आहे.

तार इतकी ताकदवान असेल, तर चोरांनाही ती सापडणार. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' विषाणूने हेच केलं. प्रेमपत्राच्या नावाने आलेली ती जोडणी म्हणजे साधी व्हीबीस्क्रिप्ट होती. ती उघडली की 'आउटलुक.अ‍ॅप्लिकेशन' मागायची, त्याच्यामार्फत पत्त्यांची यादी वाचायची आणि प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवायची. कुलूप तोडलंच नव्हतं. आउटलुकला सांगितलं, आउटलुकने केलं. त्यानंतर बाहेरचा प्रोग्राम पत्ते मागू लागला की माणसाला विचारायचं, अशी सोय आउटलुकमध्ये आली. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो ऑफिसने मुळातच अडवायला २०२२ उजाडलं. इथे एक बारकावा आहे आणि तो जाणकारांच्याही नजरेतून सुटतो. हाताने फाइल उघडली तर एक्सेल मॅक्रोबद्दल सावध असतो. स्क्रिप्टने उघडली तर मूळ सेटिंगनुसार तो निर्धास्त असतो, मॅक्रो चालू देतो. म्हणून बाहेरून आलेल्या फाइली स्क्रिप्टने उघडणार असाल तर आधी ऑटोमेशनसिक्युरिटी ३ करा, म्हणजे मॅक्रो सक्तीने बंद.

बाकीच्या प्रोग्रामांत शेठ बदलतात, रिवाज तोच. ऑटोकॅडमध्ये अ‍ॅप्लिकेशन, त्यात ड्रॉइंग, ड्रॉइंगमध्ये मॉडेलस्पेस, त्यात रेषा आणि वर्तुळं. सातपूर-अंबडच्या टूलरूमवाल्यांनी शंभर ड्रॉइंगचे टायटल ब्लॉक हाताने बदलायचं काही कारण नाही. पत्रिका आणि फ्लेक्सवाले कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये काम करतात, तिथेही व्हीबीए आहे. फक्त जपून, पट्टी सेंटिमीटरवर असली तरी कोडमध्ये माप मूळ सेटिंगला इंचात धरलं जातं. १० चा चौकोन मागितला आणि पानाबाहेर गेला तर दचकू नका, डॉक्युमेंटचं युनिट आधी सांगा. लिबरऑफिसमध्ये या शेठचं नाव डेस्कटॉप. आणि टॅलीमध्ये गादीच नाही: टॅली पोर्ट ९००० वर एक खिडकी उघडी ठेवतं, तिथून एक्सएमएलमध्ये चिठ्ठी द्यायची आणि उत्तर घ्यायचं.

अंबडची स्क्रिप्ट पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिली. आता ती डिस्पॅचईएक्सने स्वतःचा वेगळा एक्सेल उघडते, इन्स्पेक्टरची फाइल फक्त वाचण्यापुरती घेते, मापांचा तक्ता एका फेरीत उचलते, फॉरमॅटमध्ये ठेवते, पीडीएफ काढते. मध्ये काहीही झालं तरी जाताना तेवढाच एक्सेल बंद करते. ज्याला सुरू मी केलं, त्यालाच क्विट मी म्हणणार. इन्स्पेक्टरने सेव्ह न केलेली मापं यात येत नाहीत, म्हणून त्याला लॉट संपला की सेव्ह करायची सवय लावावी लागली. स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा ते अवघड गेलं.

मालकांच्या सांगण्यावरून बटणावर मी एक वाक्यही टाकलं: 'तुमच्या उघड्या फाइलींना हात लावला जाणार नाही.' ताईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बटण दाबण्याआधी कंट्रोल आणि एस दाबलं. अजूनही दरवेळी दाबतात. चहा मात्र आता येतो.